रात्री साडेनऊ ते पहाटे साडेचार

१५ ऑक्टोबर २०१४ रोजी महाराष्ट्रात विधानसभेचं मतदान झालं. आमच्या मोर्शीतही लोक बोटाला शाई लावून घरी परतले. त्याच रात्री साडेनऊला ड्रुपल या प्रणालीतलं एक मोठं भगदाड जाहीर झालं, आणि सोबत दुरुस्तीही. दोन आठवड्यांनी ड्रुपलच्या सुरक्षा पथकाने कळवलं की, घोषणेनंतर सात तासांत दुरुस्त न केलेलं ड्रुपल ७ वरचं प्रत्येक संकेतस्थळ फोडलं गेलं आहे, असंच धरून चाला. सात तास म्हणजे आपल्याकडे पहाटेचे साडेचार.

ही रात्र मला मराठीच्या इतिहासातली वाटते, कारण जालावरच्या आपल्या लेखनाचा मोठा वाटा याच प्रणालीच्या भरवशावर राहिला आहे. १९९६ मध्ये सुरू झालेली मायबोली पुढे ड्रुपलवर आली. मनोगत, उपक्रम, मिसळपाव, ऐसी अक्षरे हीसुद्धा ड्रुपलवरच उभी राहिली. बेल्जियमच्या ड्रिस बायटार्टने विद्यार्थीदशेत लिहिलेली ही प्रणाली २००१ पासून फुकट मिळू लागली. मजकूर डेटाबेसमध्ये, रूप साच्यात, आणि दोन्ही आपल्या ताब्यात. सर्व्हर बहुधा भाड्याचाच, पण कुलूप आपलं. संगणकावर मराठी टंकणं हीच कसरत होती तेव्हा 'गमभन'सारखी सोय थेट लेखनाच्या चौकटीत बसवता येई. 'प्रतिसाद द्या' हे बटण मराठीत करायला कुणाची परवानगी लागत नसे. मात्र रात्री साडेनऊला उठून दुरुस्ती करायची तीही आपणच. नोकरी सांभाळून, हौसेने.

दुसरा रस्ता ब्लॉगरचा. १९९९ मध्ये निघालेली ही सेवा २००३ मध्ये गूगलने घेतली. कितीतरी मराठी अनुदिन्या तिथेच लिहिल्या गेल्या, कारण सर्व्हरची कटकट नाही. आज ज्याला आम्ही क्लाउडवरची प्रणाली म्हणतो, तिचं हे साधं रूप. पण मालकाचं मन फिरलं तर? याहूने २६ ऑक्टोबर २००९ रोजी जिओसिटीज बंद केलं, तेव्हा लाखो लोकांची पानं गेली. काही स्वयंसेवकांनी धावपळ करून जमेल तेवढं उतरवून ठेवलं, म्हणून थोडं उरलं.

हा प्रश्न मी घरी समजावून सांगत होतो, तेव्हा काका म्हणाले, ''कापूस आपल्या घरात असला म्हंजे भाव येईपर्यंत थांबता येते, बाप्पा.'' बरोबर. पण घराला आग लागली तर?

आमच्याच तालुक्यातलं रिद्धपूर यावर बरंच सांगतं. तेराव्या शतकात म्हाइंभटांनी तिथे चक्रधरांच्या आठवणी जमवून लीळाचरित्र सिद्ध केलं. महानुभाव परंपरा सांगते की, मूळ पोथी पुढे परचक्रात गेली आणि शिष्यांच्या स्मरणातून ती पुन्हा उभी करावी लागली. म्हणून आज तिचे वेगवेगळे पाठ सापडतात. नंतर पंथाने ग्रंथ सकळ लिपीत, म्हणजे सांकेतिक अक्षरांत, लिहायला सुरुवात केली. पोथ्या शेकडो वर्षं मठांत सुखरूप राहिल्या, पण बाहेरच्याला वाचता येईनात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला राजवाडे, भावे यांच्यासारख्या संशोधकांमुळे ती कोंडी फुटली.

पोथी कुठे ठेवली, तिच्या प्रती किती आणि ती वाचता येते का, हे तीन वेगळे प्रश्न आहेत. आमच्या धंद्यात चर्चा पहिल्यावरच अडते. युनिकोड रुजण्यापूर्वी मराठी संकेतस्थळं ज्याच्या त्याच्या फाँटमध्ये लिहिली जात. त्यांचा मजकूर आज उघडला तर इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिवडा दिसतो. तीही एक सकळ लिपीच, फक्त नकळत घडलेली.

अमरावती जिल्ह्याचं सरकारी संकेतस्थळ आता राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या सामायिक व्यवस्थेवर चालतं. साचा आणि दुरुस्ती केंद्राची, मजकूर जिल्ह्याचा. तालुक्यातल्या एखाद्या वाचनालयाने विचारलं तर मीही असंच काही सुचवीन. ड्रुपल ७ ची अधिकृत दुरुस्ती ५ जानेवारी २०२५ रोजी थांबली, आणि नव्या आवृत्तीवर जाणं म्हणजे जवळपास घर नव्याने बांधणं. वाचनालयाच्या कारकुनाकडून ती अपेक्षा कशी करणार?

एक अट मात्र घालीन. दर महिन्याला सगळा मजकूर बाहेर काढून दोन ठिकाणी ठेवायचा, आणि ती फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडून बघायची. ळ, ण, ज्ञ जागच्या जागी दिसले पाहिजेत.