सोपारा येथील अशोकाचे शिलालेख व प्राणिदया

पालघर जिल्ह्यातील नालासोपारा (प्राचीन शूर्पारक) येथे सापडलेले सम्राट अशोकाचे खंडित शिलालेख. काळ इ. स. पू. तिसरे शतक, लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. चौदा लेखांच्या मालिकेतील आठव्याचा तुकडा पं. भगवानलाल इंद्रजी यांना १८८२ मध्ये, तर नवव्याचा १९५६ मध्ये जवळच्या भुईगाव येथे मिळाला.

गिरनार आदी ठिकाणच्या पाठांवरून दोन्ही लेखांचा पूर्ण आशय कळतो. आठव्यात, पूर्वीचे राजे शिकारीच्या विहारयात्रा करीत, त्याऐवजी अशोकाने संबोधीला (बोधगयेला) जाऊन धर्मयात्रा सुरू केल्याचे म्हटले आहे. नवव्यात आजारपण, विवाह, अपत्यजन्म व प्रवास या प्रसंगी होणाऱ्या मंगलविधींचे फळ अल्प ठरवून ‘धर्ममंगल’ श्रेष्ठ मानले आहे. दास-सेवकांशी सद्वर्तन, गुरुजनांचा आदर, प्राण्यांविषयी संयम आणि श्रमण-ब्राह्मणांना दान ही त्याची अंगे होत. मुक्या जिवाला न दुखावणे हेही येथे मंगल ठरते.

याच मालिकेतील दुसऱ्या लेखात माणसांबरोबर पशूंच्याही औषधोपचाराची सोय नोंदविली आहे. पहिल्या लेखानुसार राजाच्या मुदपाकखान्यातील कत्तल दोन मोर व एका हरणावर आली होती; पुढे तीही थांबविण्याचा संकल्प त्यात आहे. करुणेला राज्यकारभारात स्थान देणारा हा वारसा कोकण किनाऱ्याचे मोठे भूषण आहे.