धुराड्याची कुळकथा

गगनबावडा, राधानगरी, आजरा या भागांतल्या जुन्या घरांत चुलीला धुराडं नसे. भिंतीकडेला चूल, तिच्या अंगाला वैल, वर माळा आणि माळ्यावर नळीची कौलं. धूर माळ्यात भरायचा आणि कौलांच्या फटींतून सावकाश निसटायचा. त्याला हुसकून लावायची घाईही नव्हती. मुसळधार पावसात ओलं जळण त्या धगीवरच सुकायचं, बियाण्यासाठी टांगलेल्या कणसांना धुरामुळे कीड लागत नसे, वाशांनाही त्याची राखण होती. घराला धूर मानवत होता. चुलीपुढे बसून फुंकणी फुंकणाऱ्या बाईला तो कधीच मानवला नाही.

1865 साली बासेल मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ती कौलं पुढे दूरवर गेली. एकमेकांत अडकून बसणाऱ्या या कौलांनी गळती थांबवली, पण धुराच्या फटीही बुजवल्या. छपर सुधारलं तसा स्वयंपाकघरातला कोंडमारा वाढला.

गंमत अशी, की धुराला नळीतून वर न्यायची युक्ती त्याच घराच्या न्हाणीत होती. तांब्याचा बंब! मधोमध उभं नळकांडं, भोवती पाणी. जळण वरून टाकायचं, राख खालच्या जाळीतून पडायची, धूर नळकांड्यातून वर. ते नळकांडं चोंदलं तर जळणच आत जाणार नाही, त्यामुळे ते मोकळं ठेवावंच लागे. चुलीच्या धुराड्याला पुढे नेमकं हेच भाग्य लाभलं नाही.

चुलीसाठी ती युक्ती विचारपूर्वक मांडली गेली वर्ध्याला. 1934 साली स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम जे. सी. कुमारप्पांनी मगनवाडीतून चालवलं. 1928 साली वारलेल्या मगनलाल गांधींचं नाव त्या जागेला होतं, आणि तिथे तयार झालेली धुराड्याची मातीची चूलही ‘मगन चूल’ म्हणूनच ओळखली गेली. हैदराबादच्या अभियांत्रिकी संशोधन प्रयोगशाळेतले एस. पी. राजू याच प्रश्नाच्या मागे होते. लाखो घरांच्या बिनधुराच्या स्वयंपाकघराची त्यांची पुस्तिका 1953 ची. स्वयंपाकघरातली हवा हा संशोधनाचा विषय आहे, हे या माणसांना इतक्या लवकर उमगलं, याचं मोल फार मोठं आहे.

सरकार जागं व्हायला तीस वर्षं लागली. 1983 साली सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला आणि 2002 मध्ये बंद होईपर्यंत देशभरात तीन कोटींहून जास्त चुली बसवल्याची नोंद झाली. सिमेंटचा पाईप कौलातून बाहेर काढायचा, वर टोपी बसवायची, की काम संपलं, असा सगळा हिशेब. काजळीचा हिशेब कुणी मांडला नाही.

तो तसा सोपा आहे. धूर पाईपात वर जातो तो गरम असतो म्हणून. वरचा भाग थंड, तिथे डांबरासारखी काजळी चिकटते. तीन इंची पाईपात चहूबाजूंनी अर्धा इंच थर बसला, की आतली वाट दोन इंची उरते. म्हणजे धुराला जायची जागा निम्म्याहून कमी. मग धूर मुकाट्याने चुलीच्या तोंडातून घरात परततो. पाईप साफ करायचा तर कौलांवर चढायचं, टोपी उतरवायची, दोरीला चिंध्यांचा बोळा आणि त्याखाली दगड बांधून आत सोडायचा, वरखाली ओढायचा. खाली चुलीवर ओलं पोतं टाकलं नसेल तर सगळं घर काळं. धूर गिळणार घरची बाई आणि छपरावर चढणार घरचा गडी, तोही सवड मिळाली तर. खरा घोळ इथे आहे.

ओडिशातल्या सुमारे 2,600 कुटुंबांवर रेमा हॅना, एस्थर डफ्लो आणि मायकेल ग्रीनस्टोन यांनी केलेल्या दीर्घ अभ्यासात हेच आढळलं. धुराड्याच्या चुली बसल्यावर पहिल्या वर्षी छातीत जाणारा धूर कमी झाला; पुढे निगा राहिली नाही, चुलींचा वापरही घटत गेला आणि तो फायदा पुसला गेला.

याचं उत्तर पुण्यात शोधलं गेलं. आनंद कर्वे यांच्या ‘आरती’ संस्थेच्या सहकार्याने फिलिप्सच्या डिझाइन विभागाने एक चूल आखली. तिच्या धुराड्यात काजळी धरणाऱ्या मातीच्या सुट्या चकत्या होत्या. त्या स्वयंपाकघरातच उभं राहून काढायच्या, झाडायच्या आणि परत बसवायच्या. छपरावर चढायचं कारणच नाही. 2009 साली या चुलीला डेन्मार्कचा इंडेक्स पुरस्कार मिळाला. आराखडा विनामूल्य खुला ठेवला होता.

2016 पासून उज्ज्वला योजनेचे सिलिंडर खेडोपाडी पोहोचले, तरी भाकरी आणि अंघोळीचं पाणी अनेक घरांत जळणावरच होतं. कोल्हापूर शहरातल्या फ्लॅटमध्ये आता विजेची ‘चिमणी’ आली आहे. कांदा-खोबरं परतताना आणि मटणाला फोडणी देताना उडणारं तेल तिच्या जाळीत अडकतं. ती जाळी हाताशी असते, गरम पाण्यात सोडा घालून धुता येते. तिच्या मागचा, छताच्या पीओपीत दडवलेला पाईप मात्र पुन्हा घरच्या बाईच्या हाताबाहेर गेला आहे. त्यासाठी मेकॅनिक बोलवावा लागतो.