बोधिसेनांच्या कुंचल्याची दोरी

सन 752. चौथ्या चांद्र महिन्यातली अष्टमी. तुम्ही नारात आहात. राजधानीचं या काळातलं नाव हेइजोक्यो. पूर्वेच्या बाजारात शिरायचं तर दुपारपर्यंत थांबा, त्याआधी बाजार भरायचा नाही असा कायदाच आहे. प्रत्येक दुकानापुढे मालाची पाटी. मीठ, सुकी मासळी, समुद्रशेवाळ, कापड. हातात चौकोनी भोकाची तांब्याची नाणी खुळखुळताहेत. सूर्य मावळतीला आला की नगारा वाजेल, मग मुकाट्याने निघायचं.

ईशान्येकडे चला. कोफुकुजीचा पाचमजली पॅगोडा मागे पडला की तोदाइजी मंदिराचं आवार लागतं. इथे हाचिमान हा शिंतो देवही आहे. क्यूशू बेटावरच्या उसा या गावाहून तो तीन वर्षांपूर्वी आला, महाबुद्धाच्या मूर्तीच्या कामाला पाठबळ द्यायला. देवाने बुद्धाची राखण करावी, यात इथे कुणाला काही वावगं वाटत नाही. मला या शहराची हीच गोष्ट फार आवडते.

नवमी उजाडते. आवारात हजारो भिक्षू जमलेत. समोर सुमारे 15 मीटर उंचीची कांस्यमूर्ती. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं, मग तापवून पारा उडवायचा. मुलाम्याचं ते काम अजून पुरतं झालेलं नाही. देवी रोगाच्या साथीत देश होरपळला, त्यानंतर सम्राट शोमूंनी ही मूर्ती घडवायला घेतली. आता गादीवर त्यांची कन्या कोकेन आहे. आज नेत्रोन्मीलनाचा विधी आहे. मूर्तीचे डोळे रेखण्याचा मान शोमूंचा, पण प्रकृती साथ देत नाही. म्हणून त्यांनी विनवलं बोधिसेनांना. हे भारतातले भिक्षू चीनमार्गे 736 साली इथे आले.

बोधिसेन कुंचला उचलतात. त्याला निळसर रेशमी दोरी बांधली आहे, सुमारे 200 मीटर लांब. ती खाली गर्दीत उतरते, हातोहात पुढे सरकते. तुम्हीही धरा. वर बुबुळ रेखलं जातं तशी ती तुमच्या बोटांत थरथरते. रेखणारा हात एकाचा, पण नेत्रोन्मीलन सगळ्यांनी केलेलं. पंढरीला रथाचा दोर धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पुढे 1180 साली युद्धात मंदिर जळालं. मूर्ती दुरुस्त झाल्यावर 1185 मध्ये माजी सम्राट गो-शिराकावांनी डोळे रेखले, ते याच कुंचल्याने. आज दिसणारं सभागृह 1709 चं. कुंचला आणि दोरी मात्र शोसोइन या भांडारातल्या खजिन्यात शाबूत आहेत.

त्या खजिन्यातल्या निवडक वस्तूंचं प्रदर्शन दर शरद ऋतूत नाराच्या राष्ट्रीय संग्रहालयात भरतं. दरवर्षी वस्तू बदलतात. जपानला जायचं ठरवत असाल, तर चेरीचा मोसम सोडा आणि ऑक्टोबरअखेरचं तिकीट काढा.