रेशमाचा धागा आणि शहाची मर्जी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

'कारखाना' म्हटलं की आपल्याला साखर कारखाना आठवतो, त्याचं उंच धुराडं आठवतं. पण हा शब्द मूळचा फारसी. शिवकाळातले 'अठरा कारखाने' आपण शाळेत वाचलेले असतात. फरासखाना, जामदारखाना, दारूखाना, अशी राजाला लागणाऱ्या वस्तूंची ती खाती. इराणात सफवी राजांच्या पदरीही असेच कारखाने होते. त्यांत चित्रकार, सुलेखनकार, विणकर, सोनार काम करत. रेशीम, गालिचा, बाजार हे आपले रोजचे शब्दही फारसीतूनच आले. ज्या राजाश्रयातून इराणचे जगप्रसिद्ध गालिचे निघाले, तो राजाश्रय कसा चालत होता, हे आज पाहू.

राजाश्रयातला पहिला धोका म्हणजे राजाची मर्जी. शाह तहमास्प (राज्यकाल १५२४ ते १५७६) तरुणपणी चित्रांचा मोठा शौकीन होता. त्याच्यासाठी तयार झालेल्या 'शाहनाम्या'च्या एका प्रतीत तब्बल २५८ चित्रं होती. पुढे त्याचं मन चित्रकलेवरून उडालं. १५६८ साली ती प्रतही त्याने तुर्कस्तानच्या सुलतानाला भेट पाठवून दिली. आश्रय आटला तसे चित्रकार पांगले. मीर सय्यद अली आणि अब्दुस्समद हे दोघे हुमायूनकडे आले, आणि आपल्याकडच्या मोगल चित्रशैलीचा पाया त्यांनी घातला. इराणचं नुकसान झालं, हिंदुस्थानचा फायदा!

तहमास्पचा नातू शाह अब्बास पहिला. याने कलेला व्यापाराची जोड दिली. १५९८ साली त्याने राजधानी इस्फहानला आणली. तिथे सुमारे ५६० मीटर लांब आणि १६० मीटर रुंद असा 'नक्शे जहान' चौक आखला. त्याच्या एका बाजूला मशीद, दुसरीकडे राजवाड्याचं प्रवेशद्वार आणि उत्तरेला मोठ्या बाजाराची वेस. धर्म, सत्ता आणि व्यापार यांना त्याने एकाच अंगणात आणून बसवलं. सोन्याचांदीच्या जरीने विणलेले रेशमी गालिचे युरोपच्या राजांकडे जाऊ लागले. पोलंडच्या राजाने तर १६०१ साली एका अर्मेनियन व्यापाऱ्याला गालिचे विणून घेण्यासाठी थेट काशानला धाडलं होतं.

मात्र हे रेशीम परदेशात विकायचं कोणी? इथे गोष्ट कडू होते. अरस नदीकाठच्या जुल्फा गावचे अर्मेनियन ख्रिस्ती लोक रेशमाच्या व्यापारात मुरलेले होते. तुर्कांशी युद्ध चालू असताना १६०४ साली अब्बासने गावकऱ्यांना घरंदारं सोडायला लावली आणि गाव उद्ध्वस्त केलं. नदी ओलांडताना अनेकजण बुडाले. अराकेल तब्रीझी या अर्मेनियन इतिहासकाराने या हालअपेष्टा लिहून ठेवल्या आहेत. जगले वाचले त्यांना शहाने इस्फहानजवळ, झायंदे नदीपलीकडे जागा दिली. ती वसाहत म्हणजे नवं जुल्फा. त्यांना चर्च बांधायची मुभा मिळाली, आपला प्रमुख आपल्यातलाच असण्याचा हक्क मिळाला. ज्या हाताने गाव मोडलं, त्याच हाताने दुसरं वसवलं.

१६१९ साली शहाने रेशमाच्या निर्यातीचा मक्ता आपल्याकडे घेऊन लिलाव पुकारला. त्यात इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीवर नव्या जुल्फाच्या व्यापाऱ्यांनी मात केली. त्यांची पद्धत साधी होती. पेढीवरचा धनी भांडवल देई, गुमास्ता ते घेऊन वर्षानुवर्षं फिरे. नफ्याचा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा त्याचा. हे गुमास्ते हलब, व्हेनिस, ॲमस्टरडॅमपर्यंत जात, इकडे सुरत, आग्रा, मद्रासपर्यंत येत. १६३८ मध्ये याच वसाहतीत अर्मेनियन भाषेतलं पुस्तक छापलं गेलं. इराणातला तो पहिला छापखाना.

आणि ज्यांनी तुतीची पानं तोडून किडे वाढवले, त्यांचं काय? गीलान, माझंदरानच्या शेतकऱ्यांना रेशीम शहाच्या अधिकाऱ्यांनाच द्यावं लागे, आणि भाव ठरवणारेही तेच. १६२९ साली अब्बास वारला. त्याच वर्षी गीलानमध्ये बंड उसळलं आणि लोकांनी शाही रेशमाची कोठारं लुटली. कित्येक वर्षांचा राग एकदम बाहेर पडला. गादीवर आलेल्या शाह सफीने रेशमाचा मक्ता सोडून दिला.

१७२२ साली अफगाणांच्या वेढ्यापुढे इस्फहान पडलं. राजाश्रय संपला. पण नव्या जुल्फाचे व्यापारी देशोदेशी पसरलेले होते. त्यांच्या पेढ्या एकाच दरबारावर विसंबून नव्हत्या, म्हणून हिंदुस्थानातली त्यांची घराणी पुढेही टिकली.

गालिच्याची पारख करणारे तो उलटा करून पाहतात. गाठी मागच्या बाजूलाच मोजता येतात. संग्रहालयात एखादा सफवी गालिचा दिसला, तर त्याच्या रंगांना जरूर दाद द्या. पण जुल्फाहून हाकलले गेलेले व्यापारी आणि पडत्या भावात रेशीम घालणारा गीलानचा शेतकरी, यांच्याही गाठी त्यात आहेत, हे विसरू नका.