किशी स्थानक : मांजरीआधीची माणसे

जपानच्या वाकायामा प्रांतातील किशी हे स्थानक जगभर ओळखले जाते ते तामा नावाच्या मांजरीमुळे. बंद पडू घातलेला लोहमार्ग स्टेशनमास्तरची टोपी घातलेल्या एका मांजरीने वाचवला, अशी कथा सांगितली जाते. कथा गोड आहे, पण तारखा पाहिल्या तर तिचा क्रम उलटा ठरतो.

किशिगावा मार्गाचा पहिला टप्पा 1916 साली सुरू झाला. वाकायामा शहराच्या पूर्वेकडील तीन जुन्या शिंतो देवस्थानांच्या यात्रेकरूंची सोय हा त्याचा एक प्रमुख हेतू होता. 1933 मध्ये रूळ किशीपर्यंत पोचले. मार्गाची लांबी 14.3 किलोमीटर, स्थानके 14 आणि किशी हे शेवटचे. 1961 मध्ये हा मार्ग नानकाई या मोठ्या खासगी कंपनीकडे आला. शहराभोवती वस्ती वाढत गेली तसे यात्रेकरूंच्या जागी विद्यार्थी आणि नोकरदार आले. 1974 च्या सुमारास वर्षाला 36 लाख प्रवासी होते. पुढे घरोघरी मोटारी आल्या आणि 2005 पर्यंत हा आकडा 19 लाखांवर घसरला. वार्षिक तोटा सुमारे 50 कोटी येनचा. नानकाईने 2004 मध्ये मार्ग सोडत असल्याचे जाहीर केले.

खरा निर्णायक काळ इथे सुरू होतो. मार्गालगतच्या रहिवाशांनी त्याच वर्षी संघटना उभारली. वर्षाला 1000 येन वर्गणी देणारे सुमारे 6000 सभासद तिला मिळाले. रेल्वे गेली तर शाळकरी मुले आणि म्हातारी माणसे शहरात जाणार कशी, हा त्यांचा साधा प्रश्न होता. या रेट्यामुळे प्रशासन हलले. प्रांताच्या मदतीने स्थानिक नगरपालिकांनी मार्गाची जमीन विकत घेतली आणि दहा वर्षांत 82 कोटी येनपर्यंतचा तोटा भरून देण्याची हमी दिली. ओकायामाच्या एका ट्राम कंपनीने पुढे येऊन नवी उपकंपनी काढली. 1 एप्रिल 2006 रोजी त्याच रुळांवर नव्या कंपनीची गाडी धावली.

तामाचा प्रवेश यानंतरचा. ती स्थानकाशेजारच्या दुकानातली मांजर. जमीन सार्वजनिक मालकीची झाल्यावर तिथले मांजरांचे खोपटे हलवावे लागणार होते. मांजरांना स्थानकात थारा द्या, अशी विनंती दुकानाच्या मालकिणीने कंपनीचे अध्यक्ष मित्सुनोबु कोजिमा यांना केली. किशीवर तेव्हा एकही कर्मचारी उरला नव्हता. 5 जानेवारी 2007 रोजी तामा रीतसर स्टेशनमास्तर झाली. पगार म्हणून वर्षभराचा खाऊ! 2010 मध्ये एजि मितोओका यांनी मांजरीच्या चेहऱ्यासारखी, सालीने शाकारलेल्या छपराची नवी इमारत उभी केली. 2015 मध्ये तामा वारली. तिच्या जागी नितामा आली आणि फलाटावर तामाचे छोटे देऊळ झाले.

तामाने पर्यटक आणले, प्रवासी वाढले, हे खरेच. तोटा घटला, पण मिटला नाही. म्हणून मांजरीची नक्कल करून कुठलीही रेल्वे तरेल, हा समज धोक्याचा आहे. तामा ज्या फलाटावर बसली तो आधी माणसांनी राखला होता : वर्गणी देऊन, सभा घेऊन आणि तोट्यातला आपला वाटा उचलून.