घरपट्टी

घरपट्टी : इमारत व तिच्या लगतची जमीन यांवर स्थानिक स्वराज्य संस्थेने बसविलेला वार्षिक कर. कायद्यात त्यास ‘मालमत्ता कर’ अशी संज्ञा आहे. मुंबईत सर्वसाधारण कर, जल कर, मलनिःसारण कर इत्यादींचा त्यात समावेश होतो. शिक्षण उपकरासारखे राज्य शासनाचे करही त्याच देयकातून वसूल केले जातात. भारतीय संविधानानुसार जमीन व इमारती यांवरील कर हा राज्यसूचीतील विषय आहे.

इतिहास : मराठेशाहीत घरपट्टी ही मोहतर्फ्यासारख्या अन्य पट्ट्यांबरोबर आकारली जाई. ब्राह्मण व गावचे वतनदार यांना तीतून बहुधा सूट असे. म्हणजे सूट घराला नसून घरमालकाच्या दर्जाला होती. ईस्ट इंडिया कंपनीने १८१० मध्ये बसविलेल्या घरपट्टीस बनारसच्या रहिवाशांनी व्यवहार बंद ठेवून व धरणे धरून विरोध केला. १८१२ मध्ये ती मागे घेण्यात आली.

मुंबईत १८६५ च्या कायद्यान्वये नेमलेले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड यांनी नगरसुधारणेवर मोठा खर्च केला. त्यातून करदात्यांचा असंतोष वाढून १८७१ मध्ये चळवळ झाली. परिणामी १८७२ च्या कायद्याने महापालिकेच्या ६४ सभासदांपैकी निम्मे सभासद निवडण्याचा अधिकार करदात्यांना मिळाला. मात्र त्यासाठी वर्षाला किमान ५० रु. कर भरावा लागे. १८८८ मध्ये ही मर्यादा ३० रु. झाली. १९२२ मध्ये दरमहा किमान १० रु. भाडे देणाऱ्या भाडेकरूंनाही मताधिकार लाभला. १९४८ ची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली. तोवर घरपट्टी किंवा भाडे हीच नगरातील मताची किंमत होती.

आकारणी : मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ नुसार घराचे वाजवी वार्षिक भाडे काढून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करीत व उरलेले ते करयोग्य मूल्य मानीत. दरमहा भाडे १०० रु. असल्यास वार्षिक १,२०० रुपयांतून १२० रु. वजा जाऊन १,०८० रु. करयोग्य मूल्य ठरे. मालक स्वतः राहत असल्यास भाडे कल्पून घेत.

१९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने जुनी भाडी १९४० च्या पातळीवर बांधली गेली आणि त्यांबरोबर करयोग्य मूल्यही गोठले. प्रमाण भाड्यापलीकडे मूल्य धरता येत नाही, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७९ मध्ये स्वतः राहणाऱ्या मालकाच्या घरालाही लागू केले. त्यामुळे एकाच रस्त्यावरील जुन्या व नव्या घरांच्या करांत मोठी तफावत पडली. ती दूर करण्यासाठी मुंबईत १ एप्रिल २०१० पासून भांडवली मूल्यावर आधारित पद्धती आली. तीत बाजारमूल्याचा दर, क्षेत्रफळ, वापर, बांधकामाचा प्रकार व वय हे घटक धरले जातात. मोकळ्या भूखंडावर पुढे होऊ शकणारे बांधकामही मूल्यात धरणारे नियम सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये अवैध ठरविले.

सवलती : केवळ सार्वजनिक पूजास्थान किंवा धर्मादाय कार्य यांसाठी वापरल्या जाणाऱ्या इमारतींस सर्वसाधारण करातून सूट आहे. मुंबईत ४६·४५ चौ. मी. (५०० चौ. फुट) पर्यंतच्या निवासी घरांना २०१९ मध्ये प्रथम सर्वसाधारण करापुरती आणि १ जानेवारी २०२२ पासून संपूर्ण मालमत्ता करातून सूट देण्यात आली. पुण्यात मालक स्वतः राहत असलेल्या घरास १९७० पासून ४० टक्के सवलत होती. लेखापरीक्षणातील आक्षेपांनंतर ती रद्द झाली व २०२३ मध्ये पुन्हा सुरू झाली. परंतु त्यासाठी स्वनिवासाचा पुरावा द्यावा लागतो. सूट कायद्यात असली, तरी ती मागणे मालकाकडेच राहते.

भरणा व दाद : मुंबईत हा कर एप्रिल व ऑक्टोबर अशा दोन सहामाही हप्त्यांत आगाऊ देय होतो. थकबाकीवर दरमहा २ टक्के दंड बसतो व अखेरीस मालमत्ता जप्त होऊ शकते. मूल्य अमान्य असल्यास प्रथम विहित मुदतीत महापालिकेकडे तक्रार करावी लागते; त्यानंतरच लघुवाद न्यायालयात अपील करता येते. तक्रारीची मुदत उलटल्यास ही वाट बहुधा बंद होते. कर आकारणीच्या नोंदवहीत किंवा ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये नाव असणे हा मालकीहक्काचा निर्णायक पुरावा नव्हे. ती केवळ कर कोणाकडून घ्यावयाचा याची नोंद होय.