बेगमीचा दिवस : गिरगाव, मे १९३७

पिशव्या घ्या. कापडी, जाड कापडाच्या, तीन तरी हव्यात. मोबाइल, कार्डं, गाडीची किल्ली सगळं इथंच ठेवा. आज त्यातलं काही चालणार नाही. कनवटीला सुटे पैसे बांधा : काही रुपये, अधेल्या, पावल्या, चवल्या आणि भरपूर आणे. चार पैशांचा आणा आणि सोळा आण्यांचा रुपया. हिशेब तोंडीच करायचा आहे. डोक्यावर टोपी किंवा पदर असू द्या, उघड्या डोक्यानं निघालात तर अख्खी चाळ वळून बघेल.

आता डोळे उघडा. मे महिना सरत आलाय, पहाटेचे सहा वाजलेत आणि तुम्ही गिरगावातल्या एका चाळीच्या गॅलरीत उभे आहात. अंगाला आत्ताच घाम सुटलाय. खाली नळावर बादल्यांची आदळआपट चाललीय, कुणीतरी चूल पेटवलीय आणि धूर जिन्यातून वर येतोय. पलीकडून ट्रामचा आवाज येतो : लोखंडावर लोखंड घासत गेल्याचा, मग घंटा, मग पुन्हा घासणं. वर गच्चीवर कुरडया वाळत घातल्यात. पाऊस आठ-दहा दिवसांवर आलाय आणि घरात चार महिन्यांची बेगमी व्हायची आहे. म्हणून तर तुम्हाला बोलावलं. या चाळीतल्या काकू तुम्हाला दूरच्या नात्यातलं कुणीतरी समजतात. ओझं उचलायला आणखी दोन हात मिळाले, एवढं त्यांना पुरेसं आहे.

काकूंचं आवरायला वेळ आहे. तेवढ्यात कोपऱ्यावरच्या इराण्याकडे जाऊन या. त्या तिथं बसायच्या नाहीत. या काळात गिरगावातल्या बायका सहसा इराण्याकडे बसत नाहीत. तुम्ही बसा. संगमरवरी टेबलावर तळहात ठेवा, सगळ्या मुंबईत या घटकेला तेवढी एकच वस्तू थंड असेल. वाकवलेल्या लाकडाची काळी खुर्ची, भिंतभर आरसे, बरण्यांमध्ये नानकटाई आणि खारी. ब्रून मस्का मागवा. पावाचं कवच कडकडून मोडतं, आत लोणी घट्ट आणि खारट असतं, आणि तो तुकडा चहात बुडवला की वर लोण्याचे पिवळे डोळे तरंगतात. शेजारचे गिरणीतले कारकून एका पेपरची चार पानं चौघांत वाटून वाचतायत. घाई करू नका म्हटलं असतं, पण वरून हाक आली.

ट्राम धोबी तलावापर्यंत घ्यायची. लाकडी बाकावर बसा, पितळी दांडा धरा, तोही आता तापायला लागलाय. ड्रायव्हर टाचेनं घंटा बडवतो आणि बैलगाड्या, हातगाड्या, सायकली, एखादी मोटार असे सगळे थोडे थोडे सरकतात. चिराबाजारातून जाताना वास बदलतो. मासळीबाजार भरलाय. तुमची मान आपोआप तिकडे वळते, पण काकू मांडीवर हात ठेवून दाबतात. "सुकी मासळी शेवटी. आत्ता घेतली तर दिवसभर सगळ्याला तोच वास."

धोबी तलावाला उतरा. उजवीकडे इराण्याचं कयानी, १९०४ पासून इथंच आहे. मेट्रो थिएटर मात्र शोधू नका, ते उघडायला अजून वर्ष आहे. इथून क्रॉफर्ड मार्केटपर्यंत काकू चालणार. पुन्हा ट्राम का नाही, असं विचारू नका. वाचलेल्या आण्याची कोथिंबीर येते.

या शहरात चांगलं खायचं आणि चांगलं आणायचं तर पैशापेक्षा पायांनी जास्त मोजावं लागतं, हे आज दिवसभर तुमच्या पोटऱ्यांना कळत जाईल. एका छपराखाली सगळं मिळण्याची सोय नाही. मिरची एका गल्लीत, तांबं दुसरीत, फुलं तिसरीत. पगार बेताचा, पण कोणती वस्तू कुठली घ्यायची याबद्दल काकूंची मतं एखाद्या शेठाणीपेक्षा पक्की आहेत, आणि ती त्यांनी चालून चालून कमावली आहेत. मला या माणसांचा हेवा वाटतो तो याचसाठी.

क्रॉफर्ड मार्केटच्या दाराशी क्षणभर वर बघा. कमानीवरच्या दगडात शेतकरी आणि त्यांचं पीक कोरलंय. ते काम लॉकवुड किपलिंगचं, जो शेजारच्या जे. जे. कलाशाळेत शिकवत होता. पण फार वेळ उभं राहू देणार नाहीत. डोक्यावर पाटी घेतलेला हमाल तुमच्या खांद्याला घासून जातो आणि तुम्ही ढकलले जाऊन आत पोचता.

आत आंबा आहे. आंब्याखेरीज दुसरं काही आहे, हे कळायलासुद्धा वेळ लागतो. तो वास नाकात न राहता घशात उतरतो. पायाखाली पेंढा, ओला आणि घसरडा. रत्नागिरीकडच्या करंड्या आणि पेट्या एकावर एक रचल्यात. पाऊस सुरू झाला की कोकणची बोट बंद होईल, म्हणून ही शेवटची धावपळ. आता त्या दोन माणसांकडे बघा. एक दलाल, एक घेणारा. समोरासमोर उभे आहेत, बोलत काही नाहीत. दोघांचे उजवे हात एका रुमालाखाली आहेत. रुमाल हलतो, थांबतो, पुन्हा हलतो. खाली बोटं दाबून भाव चाललाय : कोणतं बोट, किती पेरं, किती वेळा. चारी बाजूंनी माणसं टक लावून उभी आहेत आणि कुणाला पत्ता लागत नाही. घेणारा तोंड वाकडं करून हात काढून घेतो, दोन पावलं जातो, परत येतो, पुन्हा रुमालात हात घालतो. मग एकदम मान हलते आणि हमाल पेट्यांना हात घालतात. सौदा झाला.

काकूंना पेटी नकोय, दोन डझन पुरे. त्या आंबा दाबत नाहीत. दाबणाऱ्याच्या हातातून तो फळवाला काढूनच घेतो. देठाशी नाक नेतात, देठाच्या दोन्ही बाजूंचे खांदे वर आलेत का बघतात, सालीवर बारीक सुरकुती शोधतात. "याला पाऊस लागलाय," म्हणून एक बाजूला ठेवतात.

"बाई, पाऊस कुठं पडला अजून?"

"इथं नाही, तिकडं वळवाचा पडला. मला नको सांगूस, माझं माहेर तिकडचं."

दोन डझनांवर दोन जास्तीचे येतात. शिवाय रसासाठी पायरीही घेतली जाते. हापूस कापून खायचा आणि रस पायरीचा, यावर त्यांच्याशी वाद घालू नका. मलाही तेच वाटतं.

इथं एक पाटीवाला करा. पाटी त्याच्या डोक्यावर, पण नजर तुमची. गर्दीत तो पुढं निघून जातो आणि आंब्यांच्या मागोमाग तुम्हाला पळावं लागतं.

मिरचीची गल्ली तुम्हाला शोधावी लागणार नाही. पन्नास पावलं आधी घशात खवखव सुरू होते, मग शिंका. समोरून येणारा प्रत्येक माणूस शिंकत येतो आणि कुणाला त्याचं काही वाटत नाही. दुकानापुढं गोणपाटाची तोंडं गुंडाळून उघडी ठेवलीत : बेडगी सुरकुतलेली, काळपट लाल, संकेश्वरी लांब, पातळ, लवंगी एवढीशी, पण तिच्याकडे बघूनच जीभ आवरावी. काकू एक बेडगी उचलून कानाशी हलवतात. आत बिया खुळखुळल्या पाहिजेत, म्हणजे ती नीट वाळलीय. मग मोडतात. कडकन मोडली तर ठीक, वाकली तर दमट, आणि दमट मिरचीला जुलैत बुरशी येते. धणे तळहातावर चोळून तुमच्या नाकापुढं धरतात. घ्या वास. हिरवट, गोडसर, थोडा लिंबाकडे झुकणारा. घरी पुडीतले धणे वर्षभर वापरून ज्यांना तुम्ही धणे म्हणत होतात, ते काय होते असा प्रश्न पडेल.

"शेठ, देठासकट वजन करतोस, मग भाव देठाचा काप."

शेठ हसतो, भाव कापत नाही, पण दगडफुलाची आणि नागकेशराची मूठ वर टाकतो. दोघांनाही हे आधीच ठाऊक होतं. दर वर्षी हेच होतं. तराजूत पितळी वजनं पडतात : शेर, अच्छेर, पावशेर. पुडा जुन्या कागदात बांधला जातो आणि दोरा दातानं तोडला जातो. तुमच्या डोळ्यांतून पाणी येतंय, हातांना आग सुटलीय. पुढं चला.

मुळजी जेठा मार्केटात मी तुम्हाला फार थांबवत नाही. कापडाच्या खळीचा वास, गल्ल्यांमागून गल्ल्या, गाद्यांवर पांढऱ्या चादरी आणि त्यावर मांडी घालून बसलेले व्यापारी. तिथली खरेदी घाऊक. काकू फक्त मंगळदास मार्केटमधून मुलांच्या शाळेच्या सदऱ्यांचं कापड घेतात, त्याचा एक धागा ओढून दातात धरून बघतात आणि निघतात. झवेरी बाजारातून जाताना त्यांची चाल जरा मंदावते. मुंबादेवीला बाहेरूनच हात जोडले जातात.

मग तांबाकाटा. इथं बोलणं अशक्य आहे. शंभर हातोड्या एकाच वेळी तांब्या-पितळेवर पडतायत, आणि तो आवाज कानाआधी दातांत जाणवतो. कल्हईवाला भाता ओढतोय. पातेलं तापलं, की तो नवसागर टाकतो. पांढरा धूर उठतो, नाक झोंबतं. मग कथलाचा एक फटकारा आणि कापसाचा बोळा आतून गरकन फिरतो. काळं पातेलं पुसल्यासारखं चांदीचं होतं. लगेच पाण्यात. चर्रर्र. काकू झाकणाचा पितळी डबा विकत घेताना टिचकी मारून त्याचा नाद ऐकतात. भेग असली तर तो बद्द वाजतो. चार महिने सर्दाव्यात डाळ राहायची, तर झाकण घट्ट हवं, म्हणून त्या ते पाच वेळा लावून काढून बघतात. दुकानदार पाचही वेळा शांत असतो.

भुलेश्वरला पोचेपर्यंत ऊन डोक्यावर आलंय. गाई वाटेत उभ्या, झेंडूचा आणि शेणाचा वास एकत्र, कुणाचा तरी कोपर बरगडीत. लोणच्याच्या कैऱ्या इथं घ्यायच्या. विकणारीच मोठ्या अडकित्त्यानं फोडून देते : खट, खट, खट, कोयीसकट फोड. एक चाखा. दात आंबतील, तोंडाला सुटलेलं पाणी थांबणार नाही, आणि सकाळपासूनचा उकाडा दोन मिनिटं विसराल.

आता भूक लागलीय ना? काकू रस्त्यावर उभं राहून खाणार नाहीत. गिरगावात परत आल्यावर त्यांच्या माहितीचं एक उपाहारगृह आहे, कुटुंबांसाठी आत पडदा लावून वेगळी जागा केलेली. तिथं बसा. पाय टेबलाखाली पसरा, तेवढंच सुख. बटाटेवडा मागवा, तो कढईतून थेट बशीत येतो, आत आलं-मिरचीचा ठेचा, वर कुरकुरीत कवच. वडापाव म्हणू नका. वडा आहे, पाव आहे, पण दोघांची गाठ पडायला अजून जवळजवळ तीस वर्षं आहेत. मग पियूष. दाट, पिवळं, केशर आणि जायफळ, श्रीखंडाची चव पेल्यात. ते पिताना काकू डोळे मिटतात. सकाळपासून प्रत्येक आण्याशी झगडलेली ही बाई पियूषाच्या पेल्याचा भाव विचारत नाही, हे लक्षात ठेवा.

उरलेली कामं भराभर. दांडेकरांच्या घोडा छापाच्या शाईच्या पुड्या, कारण जूनमध्ये शाळा. बेडेकरांच्या दुकानाशी थांबून काकू फक्त नव्या मसाल्याचा वास घेतात आणि स्वतःच्या मसाल्यात काय कमी पडतं, ते मनात नोंदवतात. छत्रीच्या काड्या दुरुस्त करून घ्यायच्या.

आणि शेवटी, ठरल्याप्रमाणे, चिराबाजार. कोळणी ओळीनं बसल्यात, अंबाड्यावर अबोली, पुढ्यात सुके बोंबील, जवळा आणि सोडे. "ये गो बाय, बघ तरी," अशी हाक येते आणि काकू जशा काही इथून सहज जात होत्या, अशा थबकतात. सोडे गुलाबी हवेत, पिवळे पडलेले नकोत. दोघी एकमेकींवर खोटंखोटं रागावतात, टोपली उचलली जाते, पुन्हा ठेवली जाते. सोडे मिळतात. जुलैत बाजारात ताजं काही नसेल आणि चार दिवस पाऊस उघडणार नाही, तेव्हा सोड्यांची खिचडी होईल आणि अख्ख्या मजल्याला कळेल.

संध्याकाळ झाली. सेंट्रल सिनेमापुढं रांग लागलीय. ‘संत तुकाराम’ डिसेंबरपासून चालू आहे आणि वर्ष उलटलं तरी उतरणार नाही. रांगेत टाळ घेतलेली माणसंही दिसतात. तुम्हाला आत जायचंय, मला माहीत आहे. चौपाटीवर वारा सुटलाय आणि भेळवाल्यांचे दिवे लागलेत, तिकडेही जायचंय. पण पाटीवाला जिन्याशी येऊन उभा आहे, त्याच्याशी दोन पैशांची घासाघीस करून माल वर न्यायचा आहे.

माल वर आला, की गॅलरीत जुनं धोतर अंथरलं जातं आणि मिरच्यांचा ढीग त्यावर ओतला जातो. शेजारच्या चार बायका न बोलावता येतात. कुणाकडून किती शेर, कोणत्या भावानं, डब्याचं झाकण लागतं का, सगळ्याची तपासणी होते. उद्या पहाटे मिरच्या गच्चीवर पडल्या पाहिजेत, परवा कांडपिणी येणार आहेत. तुम्हालाही जागा करून देतात. बसा मांडी घालून. एकेका मिरचीचं देठ असं चिमटीत धरून खुडायचं, बिया सांडू द्यायच्या नाहीत. आणि हो, कितीही घाम आला तरी हात डोळ्यांना लावू नका.